ओपनबीएसडीवर वायफाय सुरू झालं ते फोनमुळे

जुन्या लॅपटॉपवर मुद्दाम ओपनबीएसडी टाकलं. १९९५ मध्ये नेटबीएसडीतून वेगळी झालेली ही ऑपरेटिंग सिस्टिम मला तिच्या मॅन पेजेससाठी, म्हणजे सोबत येणाऱ्या माहितीपानांसाठी, फार आवडते. इतकी नीट लिहिलेली माहिती क्वचितच मिळते. इन्स्टॉल पंधरा मिनिटांत झालं, पण वायफाय काही लागेना.

डीमेसगमध्ये, म्हणजे सिस्टिम सुरू होतानाच्या नोंदींत, ओळ दिसली: आयडब्ल्यूएम० ला (हे वायफाय कार्डाचं नाव) फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, वाचता आलं नाही. म्हणजे ड्रायव्हर होता, फर्मवेअर नव्हतं. परवान्याच्या अटींमुळे अशी फर्मवेअर मूळ सिस्टिममध्ये देत नाहीत, ती नेटवरून उतरवावी लागतात. आणि नेटच नाही! लॅपटॉपला केबलचं पोर्टही नव्हतं.

शेवटी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं. नेटवर्कची जोडणी दाखवणाऱ्या आयएफकॉन्फिग या कमांडमध्ये लगेच यूआरएनडीआयएस० या नावाने फोन उगवला. त्याला 'इनेट ऑटोकॉन्फ' (नेटवर्कचा पत्ता आपोआप घे) दिलं, पत्ता मिळाला, मग रूट म्हणजे मुख्य प्रशासक म्हणून फर्मवेअर उतरवणारी 'एफडब्ल्यू_अपडेट' ही कमांड चालवली. रीबूट केल्यावर आयडब्ल्यूएम० जागं झालं.

नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या 'होस्टनेम.आयडब्ल्यूएम०' फाइलमध्ये लिहिले, खाली 'इनेट ऑटोकॉन्फ'. पासवर्ड उघडा असतो, म्हणून फाइलची परवानगी ६४० ठेवा, म्हणजे इतर वापरकर्त्यांना ती वाचता येत नाही. तेव्हापासून चालू केल्या केल्या वायफाय लागतं.