वॉशिंग मशीनमधलं पाणी जात नाही? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बाल्कनीत नव्या टाइल्स बसल्या आणि दुसऱ्याच दिवशी मशीनच्या तळाशी पाणी तुंबलं. मेकॅनिकने आल्या आल्या निकाल दिला, "पंप गेलाय." गंमत म्हणजे त्या टॉप लोडला पंपच नव्हता! गवंड्याने मोरीला वीतभर कट्टा घातला होता आणि पाइप त्यावरून गेला होता. पाणी चढ चढणार कसं?

तर पहिली चूक हीच, आपलं मशीन पाणी कसं सोडतं ते न बघणं. सेमी-ऑटोमॅटिक आणि बऱ्याच टॉप लोडमध्ये तळाची झडप उघडते, पाणी उताराने जातं. त्यांचा पाइप जमिनीलगतच हवा. फ्रंट लोडमध्ये पंप पाणी वर ढकलतो, म्हणून पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच लागतो.

स्क्रीनवर एलजीचा 'ओई' किंवा बॉशचा 'ई १८' कोड आला म्हणून घाबरू नका. पाणी बाहेर पडत नाही, एवढंच तो सांगतो. आधी पाइप कुठे मुडपलाय का बघा.

मग फ्रंट लोडची जाळी, म्हणजे फिल्टर. ती खालच्या कोपऱ्यात, छोट्या झाकणामागे असते. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या. शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी परातीत सोडा. थेट जाळी फिरवलीत, तर घरात पूर! आमच्याकडे गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात, तो दुतोंड्या मारुती बुडालाच समजा.

जाळीत काय निघेल सांगता येत नाही: सेफ्टी पिना, बाळाचा मोजा, रामकुंडात टाकायची राहून गेलेली नाणी. जाळी काढल्यावर टॉर्च मारून पंपाचं पातं काडीने फिरवून बघा. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. पुष्कळ जण इथेच फसतात आणि चांगला पंप भंगारात देतात. आत चुंबक असतं, त्यामुळे ते तसंच फिरणार.

पंप गुणगुणतो पण पाणी हलत नाही, तर पात्यात किंवा पाइपात काहीतरी अडकलंय. आवाजच नसेल तर वायरिंग किंवा पंप. तिथे मेकॅनिकच बोलवा. हाताने कपडे धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका, फेसाने पंप पाणी ओढेनासा होतो.

जाळी घट्ट बसवा, झाकणाखाली जुना पेपर अंथरा आणि नुसतं रिन्स-स्पिन चालवा. पेपर ओला झाला, तर जाळी तिरकी बसलीय.