दहा-पंधरा वर्षं कोड लिहून झाल्यावर पुढची उडी मारताय? या चुका टाळा

अप्रेझलच्या आठवड्यात निर्णय घेऊ नका. लेटर येतं, त्यात सहा टक्के पगारवाढ बघून डोकं फिरतं, आणि त्याच रात्री नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट होतं, दुसऱ्या दिवसापासून रिक्रूटरचे फोन सुरू, आणि मग आपण निवडत नाही, जो आधी हो म्हणेल तिकडे जातो. पाच वर्षांच्या अनुभवात हे चालून जातं कारण चुकलं तर परत बदलता येतं. पण पंधराव्या वर्षी घराचा हप्ता असतो, मुलांची शाळा असते, आणि आपल्या लेव्हलच्या जागा मुळातच कमी निघतात.

प्रोडक्शनला, म्हणजे लोक वापरत असलेल्या सिस्टीमला इश्यू आला की आपण आधी लॉग (सिस्टीमच्या नोंदी) बघतो ना, मग नोकरीच्या बाबतीत सरळ सर्व्हर का बदलतो? पैसा, काम, साहेब आणि प्रवास या चार गोष्टींची आपण खिचडी करतो. माझा एक मित्र पुण्यात वाघोलीहून हिंजवडी फेज ३ ला जायचा, म्हणायचा की कामाचा कंटाळा आलाय, टेक्नॉलॉजी जुनी आहे. कंपनी बदलली, नवीन ऑफिस फेज २ ला! सहा महिन्यांत पुन्हा तोच चिडका चेहरा. त्याचा प्रॉब्लेम जावा कधीच नव्हता, रोजचे ते तीन-साडेतीन तास होते. म्हणून दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी एकच ओळ लिहा, आज नेमका कशाचा वैताग आला. मग ती पानं एकत्र वाचा, कारण बहुतेक तिथेच सापडतं, आणि कधीकधी असंही दिसतं की कंपनी नाही, फक्त प्रोजेक्ट बदलून मागायला हवा होता.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. "आता वय झालं, मॅनेजर व्हायलाच पाहिजे." मला कोणी जबरदस्ती केली नव्हती, घरचे खूश, पदाचं नाव छान, चौदा जणांची टीम. पण मंगळवारचं कॅलेंडर उघडलं की सकाळी दहा ते संध्याकाळी सात एकही पांढरा चौकोन दिसायचा नाही, आणि वर्षाच्या शेवटी रेटिंगच्या बेल कर्व्हमध्ये (ठरावीक लोकांना कमी रेटिंग द्यावंच लागतं ती पद्धत) कोणाला तरी खाली बसवायचं म्हणून ज्या पोराने रात्री जागून रिलीज काढला त्यालाच समोर बसवून कमी रेटिंग सांगावं लागलं. दीड वर्षाने मी आर्किटेक्टच्या इंटरव्ह्यूला बसलो. समोरच्याने विचारलं, काफ्काचा (मेसेज इकडून तिकडे पोचवणारी सिस्टीम) कन्झ्युमर, म्हणजे मेसेज वाचणारा प्रोग्रॅम, मागे पडतोय, लॅग वाढत चाललाय, तुम्ही आधी काय बघाल? आणि माझ्या तोंडून उत्तर आलं, "टीमला बघायला सांगेन." त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो होतो.

मॅनेजर होणं वाईट नाही, ज्यांना माणसं घडवायला आवडतात त्यांनी जरूर व्हावं. फक्त आधी सहा महिने दोन-तीन ज्युनियर सांभाळून बघा, वन-ऑन-वन, भांडणं, रजा, सगळं. त्यांच्या प्रगतीचा आनंद स्वतःच्या कोडपेक्षा जास्त होतो का ते कळेल. आणि एचआरला स्पष्ट विचारा की लीडच्या वर टेक्निकल ग्रेड आहेत का. बऱ्याच प्रॉडक्ट कंपन्यांत स्टाफ इंजिनियर, प्रिन्सिपल इंजिनियर अशी वेगळी शिडी असते आणि पगारही मॅनेजरच्या तोडीचा असतो, सर्व्हिस कंपनीत मात्र ती शिडी कागदावर आहे की त्यावर खरंच माणसं बसलीत ते बघून घ्या.

इंटरव्ह्यूत अनुभवी लोक हमखास अडकतात ते "आम्ही" या शब्दावर. आम्ही मायग्रेशन केलं, आम्ही परफॉर्मन्स सुधारला. समोरच्याला ऐकायचं असतं की तुम्ही कोणता निर्णय घेतला, कोणता पर्याय सोडला आणि का. हे आठवून आठवून आत्ताच लिहून ठेवा, अर्थात कंपनीचा कोड किंवा डॉक्युमेंट उचलून नाही. एआयच्या भीतीने महागडा कोर्स घेण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण कोड टूल लिहून देईल पण तो रात्री दोन वाजता का पडला हे ओळखणारा माणूस तुम्ही आहात.

पैशांकडे येऊ. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, बघून भुलू नका, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (साधारण पाच वर्षं पूर्ण केल्यावर सोडताना मिळणारी रक्कम), व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) सगळं धरलेलं असतं, हातात महिन्याला किती पडतील तेवढंच विचारा. जॉइनिंग बोनस ५ लाख म्हटला तर ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये हातात साधारण ३ लाख ४४ हजार येतात, आणि वर्षाच्या आत सोडलं तर बरेचदा पूर्ण ५ लाख परत मागतात, ऑफर लेटरमधली ती ओळ वाचाच. साडेचार वर्षं झाली असतील तर थांबायचा विचार करा, बेसिक ८० हजार असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण २ लाख ३० हजार होते. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, सलग पाच वर्षं होण्याआधी काढला तर त्यावर टॅक्स लागतो. स्टार्टअपचे इसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, असतील तर सोडल्यावर ते घ्यायला किती दिवस मिळतात ते बघा, बऱ्याच ठिकाणी ९० दिवसच असतात, आणि शेअर विकले नाहीत तरी घेताना त्यांची त्या दिवशीची किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांच्या फरकावर टॅक्स भरावा लागतो.

लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा नको. तोंडी "सिलेक्टेड" म्हणजे काहीच नाही. ९० दिवसांच्या नोटीसमध्ये तिकडची पोझिशन बंद होऊ शकते, म्हणून त्या काळात नव्या मॅनेजरशी बोलत राहा, शांतता वाटली तर लगेच विचारा.

आणि आईबाबांचा इन्शुरन्स. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते, आणि स्वतःची नवीन घेतली तर बीपी-शुगरसारख्या आधीच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, त्यामुळे ती नोकरीत असतानाच काढून ठेवा. नवीन कंपनीत जॉइन झाल्यावर पोर्टलवर घरच्यांची नावं टाकायची लिंक येते, ती त्याच दिवशी भरा, मुदत गेली तर बरेचदा पुढच्या रिन्युअलपर्यंत थांबावं लागतं.