पावसाळ्यात दागिने सांभाळताना या चुका टाळा

पावसाच्या चार थेंबांनी दागिना सहसा खराब होत नाही. भिजून घरी आल्यावर तो वरवर पुसून मखमली डबीत ठेवला जातो, डबी कपाटात जाते आणि पुढचे कित्येक आठवडे तिच्याकडे कोणी पाहत नाही. काळवंडणे, हिरवट थर चढणे, दोरा कुजणे, खडा निस्तेज होणे यांपैकी बहुतेक नुकसान या बंद आठवड्यांत होते. त्यामुळे दागिना पावसात घालावा की घालू नये, यापेक्षा तो अंगावरून उतरवल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याचे काय करायचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

ओला दागिना लगेच बंद करणे

सर्वांत अधिक नुकसान करणारी आणि टाळायला सर्वांत सोपी अशी ही चूक आहे. रुमालाने पुसल्यावर दागिना कोरडा दिसतो; पण पाणी जिथे अडकते तिथे रुमाल पोहोचत नाही. साखळीच्या एकमेकींत गुंतलेल्या कड्या, कानातल्याच्या फिरकीचे आटे, खड्यामागचे कोंदण, मण्यांची भोके आणि पोकळ दागिन्यांचा आतला भाग या जागा तासन्‌तास ओल्या राहतात. साखळीच्या टोकाला असलेली, अंगठ्याने मागे ओढून उघडायची गोल कडी जवळून पाहिली तर हे नीट लक्षात येते. कडी सोन्याची असली तरी तिच्या आतली केसासारखी बारीक स्प्रिंग बहुधा पोलादाची असते. तिच्यापर्यंत गेलेले पाणी बाहेर येत नाही, स्प्रिंग गंजते, कडी आधी जड चालू लागते आणि मग एके दिवशी अर्धवट उघडीच राहते. साखळी गळ्यातून पडून हरवते तेव्हा दोष साखळीला दिला जातो, पण बिघाड या स्प्रिंगमध्ये झालेला असतो.

भिजलेला दागिना मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा, कोरड्या कापडावर सुटा पसरावा आणि पंख्याच्या वाऱ्यात रात्रभर राहू द्यावा. कडक ऊन आणि हेअर ड्रायरची गरम हवा टाळावी. साध्या धातूला त्यांचा त्रास होत नसला तरी मोती, ओपल आणि लाख भरलेले दागिने ती उष्णता सोसू शकत नाहीत.

वाळवण्याआधी एक गोष्ट करावी लागते आणि नेमकी तीच राहून जाते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि त्यातले क्षार दागिन्यावर साठत जातात. समुद्राचे खारे पाणी किंवा पोहण्याच्या तलावातले क्लोरीनयुक्त पाणी लागले असेल, तर नुसते वाळवल्याने पाणी उडून जाते आणि क्षार तसेच राहतात; हवा पुन्हा दमट झाली की ते ओलावा ओढून घेतात. अशा वेळी साधा धातूचा किंवा हिऱ्यासारख्या कठीण खड्याचा दागिना आधी स्वच्छ पाण्यातून काढावा आणि मग वाळवावा. मोत्यांची माळ मात्र पाण्यात बुडवू नये; ओलसर कापडाने एकेक मोती पुसून घ्यावा.

सोन्याला काहीच होत नाही, असे मानणे

शुद्ध सोन्यावर पाण्याचा किंवा हवेचा परिणाम होत नाही, हे खरे आहे. पण अंगावर घालायचे बहुतेक दागिने शुद्ध सोन्याचे नसतात. २२ कॅरेटमध्ये सोने सुमारे ९१.६ टक्के, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के आणि १४ कॅरेटमध्ये साधारण ५८.५ टक्के असते. उरलेला भाग तांबे, चांदी, जस्त अशा धातूंचा असतो आणि ओलाव्याची झळ त्यांना लागते. म्हणून कॅरेट जितका कमी, तितकी काळजी अधिक घ्यावी लागते. लालसर छटेच्या सोन्यात तांबे जास्त असल्याने ते लवकर मंदावते. कोणत्याही सोन्याच्या दागिन्यात रंग आधी बदलतो तो डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून, जोडलेल्या सांध्यांपाशी, कारण जोडासाठी वापरलेल्या मिश्रणात सोन्याचे प्रमाण बहुधा कमी असते. पोहताना अंगठी बोटात ठेवण्याची सवय तर जरूर सोडावी. क्लोरीनमुळे कमी कॅरेटच्या, विशेषतः पांढऱ्या सोन्याच्या, खडा धरून ठेवणाऱ्या नाजूक दातऱ्यांना तडे जाऊ शकतात आणि तडा डोळ्यांना दिसण्याआधीच खडा निखळून पडतो.

चांदी काळी पडण्याचे कारण चुकीचे धरणे

चांदीला गंज चढला, असे सर्रास म्हटले जाते. पण चांदीवरचा काळा थर लोखंडाच्या गंजासारखा ऑक्सिजनमुळे आलेला नसतो. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइड तयार होते आणि दमट हवेत ही क्रिया वेग घेते. हे कारण नीट कळले की साठवणुकीतल्या अनेक चुका आपोआप उघड होतात. रबर कडक करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेले असते, त्यामुळे चांदीच्या बांगड्या रबरबँडने बांधून ठेवल्या तर रबर टेकते तिथे काळा पट्टा उमटतो. लोकरीत निसर्गतःच गंधक असते, म्हणून लोकरीच्या कापडात चांदी गुंडाळणेही चूकच आहे.

काळवंडण्याची सुरुवात डोळ्यांना दिसते. प्रथम फिकट पिवळसर झाक येते, ती तपकिरी होते, मग निळसर आणि शेवटी काळी. पिवळसर झाक दिसताच चांदी पुसायच्या मऊ कापडाने हलकेच पुसले तर काम तिथेच संपते. काळा थर जाड झाल्यावर त्याला घासावे लागते आणि प्रत्येक घासणीत थोडी चांदी व थोडी नक्षी झिजते. नेहमी अंगावर असणारी चांदी अशी काळवंडत नाही, कारण वापरताना ती सतत घासली जाते. पावसाळाभर कपाटात ठेवण्यापेक्षा चांदी वापरात ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाम्याचे दागिने आणि नेलपॉलिशचा उपाय

मुलाम्याच्या दागिन्यांवर सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून ओलावा खालच्या पितळेपर्यंत किंवा तांब्यापर्यंत पोहोचतो आणि हिरवट थर आतून वर येतो. त्यामुळे तो पुसून गेला तरी काही दिवसांनी त्याच जागी परत दिसतो. जोराने घासण्याचा मोह इथे आवरावा लागतो, कारण उरलेला मुलामाही त्यासोबत निघून जातो. पारदर्शक नेलपॉलिशचा हात देण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. त्वचेला धातूचा त्रास होऊ नये म्हणून अंगठीच्या आतल्या बाजूला तो तात्पुरता चालतो. पण संपूर्ण दागिन्यावर दिलेला थर काही दिवसांत जागोजागी सुटतो आणि सुटलेल्या कडांखाली ओलावा साचतो. अत्तर, केसांचा स्प्रे आणि क्रीम लावून ते वाळल्यानंतरच असे दागिने घालावेत आणि घरी आल्यावर ते सर्वांत आधी उतरवावेत.

मोती, पोवळे, पिरोजा आणि ओपल यांना एकाच नियमाने वागवणे

दागिने कोरडे ठेवावेत, हा सल्ला धातूंपुरता योग्य आहे. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म थरांचा बनलेला असतो; त्या थरांना बांधून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ आणि थोडे पाणीही त्यात असते. अतिकोरड्या हवेत वर्षानुवर्षे ठेवल्यास मोत्याला बारीक चिरा पडू शकतात. ओपलमध्येही पाण्याचा अंश असतो आणि तो झपाट्याने वाळला तर त्याच्यावर जाळीसारखे तडे उमटतात. म्हणजे चांदीसाठी जो डबा उत्तम, तोच मोत्यांसाठी वाईट ठरू शकतो. सर्व दागिने एकाच हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवणे ही काळजीतूनच होणारी चूक आहे. मोती आणि ओपल मऊ कापडी पिशवीत, शोषक पुडीशिवाय, वेगळे ठेवावेत.

पिरोजा सच्छिद्र असतो. पाणी, घाम आणि तेल शोषून तो हिरवट होतो आणि ती छटा सहसा परतवता येत नाही. पोवळे मोत्याप्रमाणेच कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने आम्ल लागले की त्याची चकाकी जाते. काही ओपल पातळ थर एकमेकांना चिकटवून बनवलेले असतात. अशा खड्यांच्या जोडात पाणी शिरले की कडेकडून दुधाळपणा दिसू लागतो आणि मग त्यावर घरी काही उपाय करता येत नाही.

मोत्यांच्या माळेत मोत्यांइतकेच लक्ष दोऱ्याकडे द्यावे लागते. रेशमी दोरा भिजला की ताणला जातो, आणि भोकांत साठलेली धूळ ओली होऊन तो आतून कापला जाऊ लागतो. माळ हातात आडवी धरून पाहावी. गाठ आणि मोती यांच्यामध्ये दोरा दिसू लागला असेल, किंवा भोकापाशी तो करडा झाला असेल, तर माळ न घालता नव्याने ओवून घ्यावी. भिजलेली माळ खुंटीला टांगून वाळवू नये, कारण मोत्यांच्या वजनाने ओला दोरा आणखी ताणला जातो. ती सपाट ठेवावी आणि आतला दोरा पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस तरी, तिला हात लावू नये.

कुंदनाचे दागिने पाण्याने धुणे

या लेखातली एकच चूक टाळायची असेल, तर ती ही टाळावी. कुंदनकामात खड्यामागे चकचकीत पातळ वर्ख लावलेला असतो आणि दागिन्याच्या पोटात लाख भरलेली असते. खड्याची झळाळी बरीचशी त्या वर्खाची असते. शुद्ध सोन्याच्या पट्टीने खडा कितीही घट्ट बसवला असला तरी धुताना कडेच्या फटीतून पाणी आत झिरपू शकते आणि वर्ख काळा पडतो. वरून पाहणाऱ्याला खडा मळलेला वाटतो, तो आणखी धुतला जातो आणि प्रत्येक धुण्यात आत आणखी पाणी जाते. खडा वरून स्वच्छ असूनही मधोमध किंवा एका कडेने काळपट दिसत असेल, तर डाग आतला आहे, हे ओळखावे. तो कारागिराकडून खडा काढून, वर्ख बदलूनच जातो. असे दागिने कोरड्या मऊ ब्रशने झटकावेत आणि पावसाच्या दिवशी घालणे शक्यतो टाळावे.

डबा, कापूस आणि सिलिका जेल

कापूस मऊ असतो, म्हणून दागिन्याखाली घातला जातो. पण तो हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि त्याचे तंतू कोंदणाच्या दातऱ्यांत अडकतात. वर्तमानपत्राच्या कागदातले आम्ल धातूला चांगले नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या काळाने चिकट होतात. त्यापेक्षा बंद होणारी साधी पॉलिथिनची छोटी पिशवी धातूच्या दागिन्यांसाठी चांगली. प्रत्येक दागिना वेगळ्या पिशवीत ठेवावा आणि हवा दाबून काढून ती बंद करावी. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले असेल तर पावसाळ्यात ती भिंत गार आणि ओलसर राहते, म्हणून दागिन्यांचा डबा त्या बाजूला ठेवू नये.

सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण त्या कायमच्या काम करतात हा गैरसमज आहे. पुडी एकदा भरली की तिचा उपयोग संपतो, आणि बाहेरची हवा कोरडी झाल्यावर ती शोषलेला ओलावा परत सोडूही शकते. रंग बदलणारे दाणे घेतल्यास स्थिती कळते: निळे दाणे ओलावा शोषल्यावर गुलाबी होतात, नारिंगी दाणे बहुधा हिरवे होतात. निळ्या दाण्यांतले कोबाल्ट क्लोराइड विषारी असते, त्यामुळे घरात लहान मुले असल्यास नारिंगी दाणे निवडावेत. तांदूळ आणि खडू या कामात सिलिका जेलच्या जवळपासही येत नाहीत. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही. धातूंच्या दागिन्यांसाठी आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असलेली बरी.

घरगुती साफसफाईतले अतिरेक

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात आणि ते सोन्या-चांदीपेक्षा कठीण असू शकतात. चकाकी आल्यासारखी वाटते, पण पृष्ठभागावर बारीक ओरखडे उमटतात. लिंबू आणि व्हिनेगर मोती-पोवळ्यांची झिलई खातात. ॲल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा हा उपाय साध्या चांदीवर खरोखर काम करतो, कारण त्यात सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते; पण नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळा केलेला भागही तो पांढरा करतो आणि खडे बसवलेल्या दागिन्यांना तो अपायकारक ठरू शकतो. बहुतेक वेळा कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश आणि नंतर नीट वाळवणे एवढे पुरते. हे काम वाहत्या नळाखाली न करता वाडग्यात करावे, म्हणजे सैल झालेला खडा मोरीत वाहून जाणार नाही.

दागिना सोनाराकडे उजाळ्यासाठी देताना तो भिजला होता का, त्यात लाख आहे का, खडे चिकटवलेले आहेत का आणि त्याला मुलामा आहे का, हे आपणहून सांगावे. ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राने मोती, ओपल, पिरोजा, कुंदनकाम आणि भेगांत तेल भरलेले पाचू यांना इजा होऊ शकते. म्हणून हे दागिने त्या यंत्रात घालू नयेत, असे पावतीवरच लिहून घ्यावे.