जुनी वेबसाइट चालू ठेवून नवी बांधताय? या चुका टाळा

नव्या साइटच्या रंगरूपावरून कितीही वाद झाले तरी काम त्याने अडत नाही. अडतं ते जुनीच्या जागी नवी साइट लावण्याच्या दिवशी, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात घडलेलं असतं.

नवी साइट जुन्याच डेटाबेसवर उभी करू नका. वर्डप्रेससारख्या प्रणालीत साइटचा पत्ता डेटाबेसमध्येच असतो; तो बदलला की चालू साइटचे वाचकही अर्धवट साइटवर जाऊन पडतात. स्वतंत्र सबडोमेन (मुख्य डोमेनखालचा वेगळा पत्ता), स्वतंत्र डेटाबेस, आणि वर सर्व्हरचा पासवर्ड. फक्त रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांसाठीच्या सूचनांची फाइल) मनाई लिहून भागत नाही: क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा शोधयंत्राचा प्रोग्रॅम, आत येत नाही, पण कुठून लिंक मिळाली तर पत्ता शोधनिकालात दिसू शकतो. सोबत नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका अशी पानावरची खूण) लावलं असेल तर तेही त्याला वाचता येत नाही, कारण दारच बंद. आणि लावलेलं नोइंडेक्स लाँचनंतर काढायचं राहिलं, तर काही आठवड्यांत साइट शोधातून नाहीशी होऊ लागते. पासवर्ड काढायला विसरलात तर निदान लगेच कळतं.

डेटाबेसच्या प्रतीत खरे ग्राहक असतात हेही लक्षात ठेवा. प्रत सुरू होताच बाहेर जाणारे ईमेल आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बंद करा, पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर टाका. नाहीतर एकाच ग्राहकाला दोन-दोन स्मरणपत्रं जातात.

तुम्ही बांधत असता तेव्हा जुनी साइट थांबलेली नसते. ऑर्डर, नोंदण्या, प्रतिक्रिया येतच असतात. तीन आठवड्यांपूर्वीची प्रत लाँचला चालू डेटाबेसवर ओतली, की त्या तीन आठवड्यांचं सगळं गेलं. थीम, कोड आणि सेटिंग्ज आधी तयार ठेवा. मजकूर आणि ऑर्डर शेवटच्या दिवशी, जुनी साइट काही तास फक्त वाचण्यापुरती ठेवून, ताज्या आणा. पत्ता बदलताना थेट डेटाबेसमध्ये साधं एसक्यूएल फाइंड-रिप्लेस वापरू नका. वर्डप्रेस काही सेटिंग्ज अक्षरांच्या लांबीसकट साठवतं. पत्त्याची लांबी बदलली की ती वाचता येत नाहीत आणि विजेट गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाचा सर्च-रिप्लेस ही लांबी सांभाळतो. आधी ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता रंगीत तालीम, करून पाहा.

सगळ्यात जास्त नुकसान रिडायरेक्टमध्ये, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवण्यात, होतं. जुने पत्ते साइटमॅप (साइटच्या पानांची यादी), गूगलचं सर्च कन्सोल आणि सर्व्हरच्या लॉगमधून गोळा करा; पीडीएफ आणि चित्रं सोडू नका. प्रत्येक पत्त्याला त्याच विषयाचं नवं पान द्या. सगळं होमपेजवर वळवणं हा आळस गूगलला कळतो, तो अशी पानं सॉफ्ट ४०४, म्हणजे जणू अस्तित्वातच नाहीत अशी, धरू शकतो. चाचणी ३०२ ने (तात्पुरता रिडायरेक्ट) करा, खात्री पटल्यावर ३०१ (कायमचा) लावा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीचा असला तर वाचकाच्या मशीनवरून तुम्हाला तो पुसता येत नाही. निदान वर्षभर हे रिडायरेक्ट काढू नका.

डीएनएस म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर जातं याच्या नोंदी. त्यांचा टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ८६४०० सेकंद असेल तर तो ३०० वर आणा, पण बदलाच्या किमान एक दिवस आधी. जुना टीटीएल संपेपर्यंत नवा सगळीकडे लागू होत नाही. नेमसर्व्हर (या सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलण्याऐवजी फक्त ए रेकॉर्ड (साइटच्या आयपी पत्त्याची नोंद) बदला. नेमसर्व्हर बदलताना एमएक्स आणि एसपीएफ या ईमेलच्या नोंदी मागे राहिल्या की साइट झकास चालते आणि ईमेल बंद पडतो. जुना एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) राहिला तर आयपीव्ही६ वरचे वाचक जुन्याच सर्व्हरवर जात राहतात. एसएसएल प्रमाणपत्र आधीच हवं असेल तर डीएनएसमधल्या टीएक्सटी नोंदीने पडताळणी करा. नव्या सर्व्हरवरच्या फाइलद्वारे होणारी पडताळणी सहसा डोमेन वळल्याशिवाय होत नाही. तोवर स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून खऱ्या पत्त्यावर साइट तपासता येते.

होमपेज उघडतं पण आतली पानं ४०४ देतात? रिराइट नियम (पत्ता योग्य पानाशी जोडणाऱ्या सर्व्हरच्या सूचना) आलेले नाहीत. वर्डप्रेसमध्ये पर्मालिंकची सेटिंग्ज पुन्हा सेव्ह करा. ब्राउझर साइट पूर्ण सुरक्षित नाही असं दाखवतो? कुठल्यातरी चित्राचा पत्ता अजून एचटीटीपीवर आहे. काहींना जुनी, काहींना नवी साइट दिसते? डीएनएसची कॅश आहे, थांबा.

जुनं होस्टिंग त्याच दिवशी रद्द करू नका. त्याचा अॅक्सेस लॉग रोज पाहा. खऱ्या वाचकांच्या नोंदी थांबल्या आणि ईमेल तिथे नाही याची खात्री झाली, की फाइली आणि डेटाबेसचा बॅकअप घेऊन ते बंद करा.