इरकलीच्या काठाचं तोरण

साडी विरते, काठ टिकतो. त्याचं दारावर तोरण करा.

चौकट 3 फुटांची असेल तर पट्टी 40 इंचांची घ्या; टोकं दुमडण्यात जातात. काठ कापताना साडीचं अर्धा इंच कापड सोबत ठेवा, नाहीतर धागे सुटतात. आत बकरम (कडक अस्तराचं कापड) हवंच, त्याशिवाय तोरण लोंबतं. इस्त्री सुती रुमाल ठेवूनच फिरवा, प्लॅस्टिकची जरी क्षणात आकसते. (सासूबाईंच्या साडीला हात लावण्याआधी त्यांना विचारा!)

उरलेल्या काठाचे त्रिकोण करून खाली शिवा, टोकांना घुंगरू. गोंडे विकत कशाला? लोकर चार बोटांभोवती गुंडाळा, एका टोकाला बांधा, दुसरं कापा. गोंदाने काहीही चिकटवू नका, मला ते मुळीच पटत नाही: एका धुण्यात सगळं सुटतं.