एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकचा बेत कसा आखावा आणि कंपनी कशी निवडावी

महाराष्ट्रातून एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊ इच्छिणारे अनेक जण आधी जाहिराती पाहतात, मग दर विचारतात आणि दिवसवार कार्यक्रम मात्र आगाऊ रक्कम भरून झाल्यावर वाचतात. हा क्रम उलटा असावा. रोजचा मुक्काम किती उंचीवर आहे हे ज्याने आधी स्वतः कागदावर मांडले आहे, त्याला कोणत्याही कंपनीचा कार्यक्रम पाच मिनिटांत तपासता येतो. ज्याने मांडलेले नाही, त्याच्या हाती तुलनेसाठी केवळ दर उरतो.

सर्वप्रथम रजेचा हिशेब करावा. ट्रेक जेथून सुरू होतो त्या नेपाळमधील लुक्ला येथून निघून पुन्हा लुक्ला येथे परतण्यास साधारण १२ दिवस लागतात आणि जाऊन-येऊन सुमारे १३० किलोमीटर चालणे होते. काठमांडूतील दिवस आणि विमान रद्द झाल्यास हाताशी असावेत असे किमान २ दिवस त्यात मिळवले, तर मुंबई-पुण्याहून निघून घरी परतेपर्यंत १६-१७ दिवस होतात. एवढी रजा मिळत नसेल, तर हाच ट्रेक आठ दिवसांत बसवून देणारी कंपनी शोधू नये. वाटेतल्या तेंगबोचे या गावापर्यंत जाऊन परतावे. तेथील मठाच्या परिसरातून एव्हरेस्ट, ल्होत्से आणि अमा दब्लम ही तिन्ही शिखरे दिसतात. उलट बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसतच नाही, त्यासाठी जवळचा काला पत्थर हा डोंगर चढावा लागतो, ही गोष्ट जाहिरातींत क्वचितच सांगितलेली असते.

हंगाम दोन आहेत: मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. वसंतात खालच्या रानांत ऱ्होडोडेंड्रॉन (नेपाळीत ‘गुरांस’) फुललेला असतो आणि एप्रिल-मेमध्ये बेस कॅम्पवर गिर्यारोहण मोहिमांचे तंबू दिसतात. शरदात आकाश अधिक स्वच्छ असते, पण बेस कॅम्पवर बहुधा हिमनदीवरच्या दगडगोट्यांशिवाय काही नसते. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असल्यास तोच जगभरच्या ट्रेकरांच्या गर्दीचा काळ असतो हे लक्षात घेऊन नोंदणी बरीच आधी करावी.

आता उंचीचा तक्ता. एका कागदावर गाव, तेथील उंची आणि आदल्या रात्रीपेक्षा झालेली वाढ असे रकाने आखावेत. नेहमीच्या कार्यक्रमात विमानाने लुक्ला येथे (सुमारे २,८५० मीटर) उतरून त्याच दिवशी फाकडिंगला, म्हणजे सुमारे २,६१० मीटरवर, मुक्काम असतो. पुढे नामचे बाजार ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९१० आणि गोरखशेप सुमारे ५,१६० मीटर असे मुक्काम होतात. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, पण तेथे राहायचे नसते. पाहून गोरखशेपला परतायचे असते. वैद्यकीय शिफारस अशी आहे की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. फाकडिंगहून नामचेला जाताना ही वाढ ८०० मीटरच्या पुढे जाते, म्हणून नामचेला दोन रात्री राहणे ही चैन नव्हे, गरज आहे. डिंगबोचेलाही तसेच. या दोन ठिकाणी प्रत्येकी दोन रात्री नसतील, तर तो कार्यक्रम दर कितीही कमी असला तरी बाजूला ठेवावा. या विश्रांतीच्या दिवशी खोलीत पडून राहायचे नसते. तीन-चारशे मीटर वर चढून पुन्हा खाली झोपायला यायचे असते आणि चांगल्या कार्यक्रमात त्या दिवशीची चढाईही लिहिलेली असते.

सह्याद्रीतील सराव पायांसाठी आणि दमासाठी उत्तम आहे, परंतु विरळ हवेची सवय त्याने होत नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे नामचे बाजार त्याच्या दुपटीहून उंच, आणि बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. तरीही निघण्यापूर्वी तीन-चार महिने पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन चढ-उतार करावेत. एका दिवसाच्या मोठ्या चढाईपेक्षा राजगड-तोरणा यांसारखी सलग दोन दिवसांची चाल अधिक उपयोगी पडते, कारण तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा चालता येते की नाही हे कळते. उंचीच्या त्रासावर घेतल्या जाणाऱ्या ॲसिटाझोलामाइड या औषधाविषयी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे.

एवढे झाल्यावर कंपन्यांकडे वळावे. महाराष्ट्रातील कंपनी बहुधा नोंदणी, मराठी बोलणारा गटप्रमुख आणि सोबत पुरवते, तर डोंगरातली व्यवस्था काठमांडूतील एखादी कंपनी पाहते. यात गैर काही नाही, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्याला मराठी गटाचा आधारही वाटतो. मात्र ती नेपाळी कंपनी कोणती, हे नावानिशी विचारावे. तिच्याकडे नेपाळच्या पर्यटन विभागाचा परवाना आहे का आणि ती नेपाळमधील ट्रेकिंग कंपन्यांच्या ‘तान’ या संघटनेची सदस्य आहे का, हे पडताळावे. हे सांगण्यास जी कंपनी टाळाटाळ करते, ती अडचणीच्या वेळी काय करील याचा अंदाज करणे अवघड नाही.

त्यानंतर पुढील प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखीच घ्यावीत. गटात कमाल किती जण असतील आणि गाईड किती? एकाला डोकेदुखी व उलट्या होऊन खाली न्यावे लागले, तर बाकीच्यांबरोबर कोण राहणार, हा खरा प्रश्न असतो. म्हणून छोट्या गटालाही एकाहून अधिक गाईड हवेत. पोर्टरच्या पाठीवर जास्तीत जास्त किती किलो वजन दिले जाते, त्याचा विमा आहे का आणि थंडीचे कपडे व मुक्कामाची सोय कोण करतो? काटकसर सर्वांत आधी पोर्टरच्या ताटात आणि पाठीवर होते, त्यामुळे अगदी स्वस्त दराचे कारण बहुधा याच उत्तरात सापडते. दरात काय धरलेले नाही, तेही विचारावे: गरम पाण्याची आंघोळ, फोन चार्ज करणे आणि वायफाय यांचे वेगळे पैसे लॉजवर द्यावे लागतात आणि ते जसजसे वर जावे तसतसे वाढतात. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा कमी आहे. दरपत्रकात भारतीयांसाठीचा दर धरला आहे ना, हे पाहावे.

विम्याचे काम ट्रेकच्या कंपनीवर सोडू नये, तो स्वतः काढावा. किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च मिळतो का, या दोन ओळी पॉलिसीत शोधाव्यात. ६,००० मीटरपर्यंत असेल तर पुरते. नेपाळमध्ये गरज नसताना ट्रेकरांना हेलिकॉप्टरने उतरवून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार घडले असून २०१८ मध्ये तेथील सरकारने त्याची चौकशी केली होती. त्यामुळे हेलिकॉप्टर बोलावण्याचा निर्णय कोण व कशावरून घेते, हे कंपनीला निघण्यापूर्वीच विचारलेले बरे. हंगामात डिंगबोचेजवळच्या फेरिचे या गावी हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र चालू असते, हेही ठाऊक असावे.

शेवटी प्रवासाची तिकिटे. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम सव्वापाचशे मीटर लांबीची आणि उताराची असून ढग किंवा वारा आला की उड्डाणे थांबतात. गर्दीच्या हंगामात ही विमाने बहुधा काठमांडूऐवजी रामेछाप येथून सुटतात आणि तेथे पोहोचण्यासाठी मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तासांचा रस्ता काटावा लागतो. ती गाडी दरात धरली आहे का, आणि उड्डाण रद्द झाल्यास वाढीव मुक्कामाचा किंवा हेलिकॉप्टरमधील जागेचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये. काठमांडूहून परतीचे तिकीट लुक्ल्याहून परतण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर दोन दिवस सोडूनच काढावे.