जुन्या गाडीच्या इंजिनाची वाढती ठकठक: या चुका टाळा

दोन लाख किलोमीटर धावलेल्या पेट्रोल गाडीतून ठकठक येऊ लागली की सर्वांत घातक चूक होते ती आवाज दाबण्याची. माझ्याही गाडीत एका गॅरेजमध्ये पुस्तिकेत नमूद केल्यापेक्षा जाड ऑइल भरण्यात आले. पंधरा दिवस आवाज मवाळ राहिला, आणि चोर्ला घाट चढताना तो पूर्वीपेक्षा जड होऊन परतला. त्या पंधरा दिवसांत बेअरिंग (फिरत्या भागाला आधार देणारे कडे) झिजतच होते.

म्हणून आधी आवाज ओळखावा. अनमोडसारख्या चढणीवर वरच्या गिअरमध्ये जोर देताच होणारी किणकिण बहुधा इंधन अवेळी पेटल्याची असते. साचलेला कार्बन, तापलेले इंजिन किंवा चुकलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ही तिची कारणे असून खालचा गिअर घेतल्यावर ती बहुधा थांबते. थंड इंजिनात वाजून गरम झाल्यावर विरणारा आवाज अनेकदा सैल पिस्टनचा असतो. याउलट, इंजिन तापल्यावर वाढणारी आणि वेगाबरोबर जलद होणारी खोल ठकठक कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँक या फिरत्या दांड्याशी जोडणाऱ्या भागाच्या) बेअरिंगची असू शकते, कारण तापलेले ऑइल पातळ होते आणि झिजेने रुंदावलेल्या फटीत त्याचा थर टिकत नाही.

अशा वेळी डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) पाहून ऑइलची पातळी तपासावी, मेकॅनिककडून गेज लावून गरम इंजिनातील ऑइलचा दाब मोजून घ्यावा, आणि काढलेला ऑइल फिल्टर फेकून न देता कापून पाहावा. त्यात चकाकणारा धातूचा चुरा दिसला तर बेअरिंगचा संशय बळावतो. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचे कनेक्शन काढल्यावर ज्याच्या वेळी ठकठक मंदावते, तेथे आधी शोध घ्यावा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर रॉड वाकू शकतो.

ऑइलचा लाल दिवा लागल्यावर "म्हापशापर्यंत नेतो" असे म्हणणे मला अक्षम्य वाटते, कारण तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. इंजिन तत्काळ बंद करून टोचन मागवावे. दुरुस्तीच्या वेळी क्रँक न मोजता केवळ नवी बेअरिंग बसवून घेऊ नयेत. क्रँकवर चरे असतील तर तो घासून त्या मापाची अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकवर बसणारी) बेअरिंग घालावी लागतात, आणि ऑइल पंपासह सर्व ऑइलमार्ग स्वच्छ करून घ्यावे लागतात, अन्यथा जुना चुरा नवी बेअरिंगही खातो.